पाच गाणी आणि एक पत्ता

एखाद्या लेखकाच्या समग्र साहित्याचा विचार करताना त्याच्या आरंभीच्या लेखनाची एका परिच्छेदात बोळवण करण्याची रीत आपल्या समीक्षेत चांगलीच रुळलेली आहे. 'या लेखनावर पूर्वसूरींची दाट छाया आहे', 'लेखकाला स्वतःचा सूर अद्याप सापडलेला नाही' अशी दोन-तीन विधाने केली, की समीक्षक मुख्य विषयाकडे वळायला मोकळा होतो. आम्हीही वर्गात अनेक वर्षे हेच करत आलो. अनुकरणाचा काळ आधी, स्वतंत्र निर्मितीचा काळ नंतर, आणि या दोहोंमध्ये एक ठळक रेघ, असा नकाशा फळ्यावर काढणे सोपे असते. विद्यार्थ्यांनाही तो उत्तरपत्रिकेत उतरवणे सोपे जाते.

या नकाशाविषयी आमच्या मनात पहिली शंका आली ती साहित्याच्या प्रांताबाहेरून. निमित्त झाले 'द रोलिंग स्टोन्स' या जगद्विख्यात इंग्रज रॉक बँडच्या एका लहानशा, बहुतेकांच्या विस्मरणात गेलेल्या तबकडीचे. तिचे नाव 'फाइव्ह बाय फाइव्ह'. डेक्का कंपनीने ती ऑगस्ट १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आणली. सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी ही 'ईपी' तबकडी. अशा तबकडीवर सहसा चार गाणी असत, हिच्यावर पाच होती, आणि ती सर्व मिळून जेमतेम बारा-तेरा मिनिटांची होती. त्या वेळी ती खपली नाही असे नव्हे. ब्रिटनमधील ईपी तबकड्यांच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. तरीही आज या बँडच्या थोरवीची चर्चा निघते तेव्हा तिचे नाव क्वचितच ऐकू येते. आमचे म्हणणे असे, की या बँडच्या साऱ्या कारकिर्दीत याच तबकडीला एक दुर्मीळ नैतिक मूल्य आहे, आणि ज्या गुणामुळे तिला हे मूल्य लाभले त्यालाच आपण दोष समजून बसलो आहोत.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीताला तेथील व्यवसायात पूर्वी 'रेस रेकॉर्ड्स' असे अवमानकारक नाव होते. १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' नियतकालिकाने ते टाकून 'रिदम अँड ब्लूज' हे नाव स्वीकारले. जेरी वेक्सलर या तेथील पत्रकाराने ते सुचवले होते. या संगीताचे एक मोठे केंद्र शिकागो शहरात होते. दक्षिणेतील कापसाच्या शेतांवरून कामाच्या शोधात शहरात आलेल्या माणसांनी आपले ब्लूज तेथे विजेच्या गिटारवर चढवले. त्यांचा आवाज मुद्रित करून विकणारी महत्त्वाची कंपनी म्हणजे चेस. पोलंडहून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबातील लेनर्ड आणि फिल या बंधूंनी ती उभारली. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, लिटल वॉल्टर, चक बेरी, बो डिडली ही सारी मंडळी चेसची.

हजारो मैलांवर, लंडनजवळच्या डार्टफर्डच्या रेल्वेस्थानकावर ऑक्टोबर १९६१ मध्ये दोन तरुण योगायोगाने भेटले. लहानपणी एका शाळेत शिकलेले मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स. जॅगरच्या काखेत दोन तबकड्या होत्या, एक चक बेरीची आणि एक मडी वॉटर्सची. इंग्लंडमध्ये त्या सहजी मिळत नसत, म्हणून जॅगर शिकागोहून चेसच्या तबकड्या टपालाने मागवत असे. या तबकड्यांवरूनच मैत्री जुळली. पुढे ब्रायन जोन्सने बँडला नाव दिले तेही मडी वॉटर्सच्या १९५० मधील एका गाण्यावरून. थोडक्यात, यांचे शिक्षण तबकडीसमोर बसून झाले. गुरू समोर नव्हता, त्याची भाषा नीट कळत नव्हती, त्याचे आयुष्य तर कल्पनेपलीकडचे होते. हाती होता तो केवळ ध्वनी.

जून १९६४ मध्ये हा बँड पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. दौरा यथातथाच होता. दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात डीन मार्टिनने त्यांची जाहीर टिंगल केली. मात्र १० आणि ११ जून हे दोन दिवस त्यांनी शिकागोत, चेसच्या स्टुडिओत घालवले. पत्ता होता २१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यू. ज्या कंपनीकडे टपालाने मागणी नोंदवायची, तिच्याच इमारतीत आता ही मुले वाद्ये घेऊन उभी होती. त्यांचे आधीचे बरेच ध्वनिमुद्रण लंडनच्या रीजंट साउंड या साध्यासुध्या स्टुडिओत झाले होते. चेसमध्ये ध्वनिमुद्रण करणारे रॉन मॅलो हे त्या घरच्या कलावंतांचे आवाज रोज टिपणारे गृहस्थ. गिटारचा आवाज किती करकरीत ठेवायचा, ड्रमचा ठेका किती पुढे आणायचा, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. फरक पहिल्याच ऐकण्यात जाणवतो.

आता गाण्यांकडे वळू. पहिले 'इफ यू नीड मी'. हे विल्सन पिकेटच्या सहभागाने रचलेले गाणे. त्याची कथा मोठी बोलकी आहे. पिकेटने गायलेला कच्चा नमुना अटलांटिक कंपनीत गेला. तेथे तोच जेरी वेक्सलर आता निर्माता होता. त्याने ते गाणे सॉलोमन बर्कला दिले. १९६३ मध्ये दोघांच्याही तबकड्या निघाल्या आणि बर्कची अधिक गाजली. म्हणजे स्टोन्सच्या हाती हे गाणे आले ते आधीच दोन कंठांतून जाऊन. जॅगर येथे बर्कचा भारदस्तपणा आणू पाहतो आणि तो त्याला पेलत नाही. चर्चमधील प्रवचनाच्या संस्कारातून आलेला तो आवाज विशीतल्या इंग्रज मुलाला कोठून मिळावा? पण त्या न पेलण्यातच एक अदब आहे. थट्टा नाही, ढोंग नाही, आपण लहान आहोत याची जाण आहे.

दुसऱ्या बाजूचे 'कन्फेसिन द ब्लूज' हे १९४१ मधले, जे मॅकशान आणि वॉल्टर ब्राउन यांचे. तेही लिटल वॉल्टर आणि चक बेरी यांच्याकडून फिरत आलेले. डार्टफर्डच्या स्थानकावर जॅगरपाशी असलेल्या चक बेरीच्या तबकडीतच ते होते! तीन वर्षांपूर्वी काखेत धरलेले गाणे, ज्या कंपनीने ते प्रसिद्ध केले तिच्याच स्टुडिओत गायला मिळावे, हा प्रसंग आम्हांला फार हृद्य वाटतो. येथे माउथ ऑर्गन आणि आवाज एकमेकांना वाट करून देत सावकाश चालतात. कोणालाही घाई नाही.

शेवटचे 'अराउंड अँड अराउंड' चक बेरीचे, १९५८ मधले, 'जॉनी बी. गुड' या तबकडीच्या मागच्या बाजूचे. संबंध तबकडीतील हे सर्वांत आत्मविश्वासाचे वादन. रिचर्ड्सला बेरीची गिटार मुखोद्गत होती हे तर दिसतेच, पण ठेका किंचित वेगळा पडतो. चार्ली वॉट्स हा जॅझची आवड असलेला ड्रमवादक बोळात शिरावे तसा गाण्यात शिरतो आणि सर्वांना पुढे रेटतो. बेरीच्या मूळ गाण्यातील ऐट येथे नाही. त्या जागी टोळक्याची मस्ती आहे. पाठांतर करता करता विद्यार्थ्याचा स्वतःचा उच्चार कोठे डोकावतो, ते ऐकायचे असेल तर हे गाणे ऐकावे.

उरलेली दोन गाणी बँडची स्वतःची, पण त्यांवर नाव आहे 'नँकर फेल्ज'. अशी कोणी व्यक्ती नव्हती. सगळ्यांनी मिळून रचलेल्या गाण्यांसाठी बँडने घेतलेले हे टोपणनाव होते. 'एम्प्टी हार्ट' हे रचनेपेक्षा एका ठेक्यावर घातलेला सामूहिक पिंगाच अधिक. आणि शब्दांवाचूनच्या वाद्यरचनेचे नाव आहे '२१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यू'. बिल वायमनच्या बेस गिटारवर ती सुरू होते, तिच्यावर ऑर्गन आणि माउथ ऑर्गन चढतात, आणि मनासारखी रंगण्याआधीच ती विरून जाते. स्वतःच्या रचनेला नाव देण्याची वेळ आली तेव्हा या तरुणांनी त्या घराचा पत्ता दिला. दाराशी नेऊन सोडणारे असे ऋणनिर्देश साहित्यातही फारसे आढळत नाहीत.

मग ही तबकडी मागे का पडली? काही कारणे व्यावहारिक आहेत. ईपी हा प्रकारच पुढे मागे पडला. अमेरिकेत ही गाणी स्वतंत्रपणे न येता 'ट्वेल्व्ह बाय फाइव्ह' या मोठ्या तबकडीत इतर गाण्यांत मिसळून गेली. त्याच दोन दिवसांत मुद्रित झालेले 'इट्स ऑल ओव्हर नाउ' जुलैमध्ये ब्रिटनच्या यादीत त्यांचे पहिले अग्रस्थानी गेलेले गाणे ठरले आणि सारे लक्ष त्याने ओढून घेतले. पण खरे कारण आमच्या मते समीक्षेच्या दृष्टीत आहे. रॉक संगीताची समीक्षा पुढे प्रौढ झाली ती 'स्वतः रचणारा तो कलावंत' हा निकष घेऊन. त्या निकषानुसार स्टोन्सचा जन्म १९६५ मधील 'सॅटिस्फॅक्शन'पासून. त्याआधीचे सारे उमेदवारी! आपल्या फळ्यावरची तीच रेघ. गंमत अशी, की या 'सॅटिस्फॅक्शन'चे पहिले ध्वनिमुद्रण मे १९६५ मध्ये झाले ते चेसच्याच स्टुडिओत. पुढे ते हॉलिवुडमध्ये नव्याने केले गेले आणि गाजले. पण रेघेची दोन्ही टोके एकाच खोलीत सापडावीत, हे रेघ ओढणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

येथे त्या भेटीविषयीच्या एका आख्यायिकेचा उल्लेख करणे भाग आहे. कीथ रिचर्ड्सने अनेकदा सांगितले आहे, की आपण चेसमध्ये पाऊल टाकले तेव्हा एक गृहस्थ शिडीवर चढून छत रंगवत होते आणि ते होते साक्षात मडी वॉटर्स. लेनर्ड चेस यांचे पुत्र मार्शल यांनी ही गोष्ट साफ नाकारली. बिल वायमनची आठवण निराळी आहे. मडी वॉटर्स यांनी आपली वाद्ये आत न्यायला मदत केली, असे तो सांगतो. आम्हांला मार्शल यांचा नकार अधिक पटतो, कारण मडी वॉटर्स तेव्हा पन्नाशीच्या आसपासचे, नामांकित आणि कार्यरत कलावंत होते. 'फोक सिंगर' ही त्यांची ख्यातनाम तबकडी त्याच वर्षी आली होती. मग ही शिडी आली कोठून? चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकांना याचे उत्तर अवघड नाही. आख्यायिका घडलेली घटना सांगत नसली तरी सांगणाऱ्याचे मन सांगते. शिष्य प्रसिद्धीच्या शिखरावर, गुरू शिडीवर चुना लावताना, हे चित्र शिष्याच्या मनातील अपराधभावाचे आहे. पण त्यात एक अन्यायही दडला आहे. गुरूला दीनवाणा केल्याखेरीज आपल्याला त्याच्याविषयी कणव वाटत नाही, आणि कणव वाटू लागली की त्याची थोरवी नजरेआड होते.

सुजाण वाचक या ठिकाणी आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. गोऱ्या मुलांनी कृष्णवर्णीयांचे संगीत उचलले, त्यावर अमाप पैसा मिळवला, मूळ गायक मागे राहिले. याला ऋणनिर्देश म्हणायचे की सभ्य शब्दांतील लूट? हा प्रश्न टाळून या तबकडीवर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हिशेबात सारे काही चोख होते असा दावा आम्ही करत नाही. खुद्द चेस घराण्याचा व्यवहारही वादातीत नव्हता. १९७० च्या दशकात मडी वॉटर्स आणि विली डिक्सन यांना स्वतःच्या गाण्यांच्या मानधनासाठी चेसशी संबंधित प्रकाशनसंस्थेवर दावा लावावा लागला होता. आणि 'पाच जणांची पाच गाणी' हे या तबकडीचे नावही पूर्ण खरे नाही. '२१२०' मधला ऑर्गन आणि 'अराउंड अँड अराउंड' मधला पियानो वाजवणारा इयन स्टुअर्ट हा सहावा माणूस होता. बँडच्या आरंभापासून तो त्यांच्यात होता. १९६३ मध्ये व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डम यांना त्याचे रूप बँडच्या प्रतिमेत बसेना, म्हणून त्याला छायाचित्रांतून आणि यादीतून वगळले गेले. तो वाजवत राहिला. 'पाच' मोजणाऱ्यांनी त्याला मोजले नाही, एवढे मात्र या तबकडीच्या नावावरच कोरलेले आहे.

तरीही तुलना करून पाहावी. या १९६४ च्या तबकडीवर पिकेट, मॅकशान, ब्राउन, बेरी यांची गाणी त्यांच्याच नावावर आहेत. उलट १९६८ मधील 'बेगर्स बँक्वेट' घ्या. समीक्षक तिला बँडच्या परिपक्व काळातील श्रेष्ठ कृतींत गणतात. तिच्यातील 'प्रॉडिगल सन' हे रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्स यांचे गाणे आरंभीच्या वेष्टनांवर जॅगर-रिचर्ड्स यांच्या नावे छापले गेले. पुढल्या वर्षीच्या 'लेट इट ब्लीड' वर रॉबर्ट जॉन्सनचे 'लव्ह इन व्हेन' हे गाणे जॉन्सनच्या नावाखाली नव्हते. म्हणजे जी तबकडी अनुकरणात्मक म्हणून बाजूला सारली जाते, ती श्रेयाच्या बाबतीत सरळ आहे. ज्या तबकड्या स्वतंत्र प्रतिभेच्या म्हणून डोक्यावर घेतल्या जातात, त्यांत दुसऱ्याचे नाव पुसले गेले आहे. हा केवळ छापण्यातील हलगर्जीपणा असेलही. पण स्वतंत्रतेच्या कीर्तीला ऋण अडचणीचे होते, हा त्याचा अर्थ आम्हांला अधिक संभवनीय वाटतो. मौलिकतेला आपण जेवढी भरमसाट किंमत लावू, तेवढा कर्ज लपवण्याचा मोह वाढेल. अनुकरण करणाऱ्याला तो मोह नसतो, कारण आपण कोणाचे आहोत हे सांगण्यातच त्याची प्रतिष्ठा असते. १९६५ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीच्या 'शिंडिग' या कार्यक्रमात हाउलिन वुल्फ यांना गाता आले ते याच तरुणांनी धरलेल्या आग्रहामुळे. हेही त्याच वृत्तीचे फळ होते.

आपल्याकडे तरी हे नवे नसावे. बालवयातील कुमार गंधर्व थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची गायकी हुबेहूब उभी करत. पुढे देवधरांकडे तालीम झाली, आणि त्यानंतर जे गाणे आले ते कोणाचीच नक्कल नव्हते. त्या बालपणीच्या नकलेला कोणी चौर्य म्हणत नाही. अरुण कोलटकरांना एका मुलाखतीत प्रभावांविषयी विचारले गेले तेव्हा त्यांनी लांबलचक यादी सांगितली. तिच्यात ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम होते, आणि मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, रॉबर्ट जॉन्सनही होते. मराठीतील एका अत्यंत स्वतंत्र कवीला आपले सावकार मोजून दाखवण्यात कमीपणा वाटला नाही. शिकागोच्या त्या मंडळींचा एक धागा असा आमच्या अभ्यासक्रमापर्यंतही येऊन पोहोचतो.

आता या लेखामागची गोष्ट सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे संपादन करत असताना द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने सात-आठ कविता आणून दिल्या. त्यांवर ग्रेस यांची छाप इतकी उघड होती, की आम्ही त्या हसत हसत एकमेकांना वाचून दाखवल्या. 'स्वतःचे काही लिही, मग ये' असा शेरा मारून परत दिल्या. तो पुन्हा आला नाही. पदवी घेऊन गेला. लिहितो की नाही, ठाऊक नाही. अलीकडे वार्षिकांकाच्या जुन्या फायली चाळताना त्याच्या हस्ताक्षरातले एक पान मागे राहिलेले सापडले. कवितेच्या खाली बारीक अक्षरांत त्याने लिहिले होते, की ही रचना ग्रेस वाचत असताना सुचली. म्हणजे त्याने पत्ता दिला होता. आम्ही तो वाचला नव्हता.

कवितेचा दर्जा आजही आम्हांला मध्यमच वाटतो. प्रश्न दर्जाचा नाही. ज्या वयात माणूस दुसऱ्याच्या आवाजात बोलून आपला कंठ घडवतो, त्या वयात आम्ही त्याच्याकडे मौलिकता मागितली आणि त्याचा प्रामाणिकपणा दोषांच्या खात्यावर मांडला. शोधनिबंधांतील वाङ्मयचौर्य पकडण्यासाठी आपण संगणकाची मदत घेतो, ती घ्यावीच. पण चोरी आणि शागिर्दी यांतील भेद संगणक सांगणार नाही, तो शिक्षकाने सांगायचा असतो. चोर नाव पुसतो, शागीर्द ते उच्चारतो, एवढी साधी खूण पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगता येईल.

मिशिगन ॲव्हेन्यूवरची ती इमारत टिकून आहे. विली डिक्सन यांच्या पत्नी मेरी यांनी १९९० च्या दशकात ती विकत घेतली. तेथे डिक्सन यांनी स्थापलेल्या 'ब्लूज हेवन' या संस्थेचे घर झाले. ब्लूज कलावंतांना त्यांच्या हक्काचे मानधन मिळवून देणे हा या संस्थेच्या उद्दिष्टांपैकी एक. स्टोन्सनेही २०१६ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, 'ब्लू अँड लोनसम' ही तबकडी काढली. तिच्यातील बाराही गाणी दुसऱ्यांची, आणि ध्वनिमुद्रण अवघ्या तीन दिवसांचे. बावन्न वर्षांनी ते पुन्हा त्याच पाठाकडे आले. तो पाठ बारा-तेरा मिनिटांचाच आहे. आमच्या सहव्यवसायी मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी तो एकदा सलग ऐकावा, आणि नंतर आपल्या आवडत्या लेखकाचे पहिले, 'छायेतले' पुस्तक पुन्हा उघडावे. आम्ही यंदाच्या वार्षिकांकात अनुकरणात्मक कवितांसाठी चार पाने राखून ठेवली आहेत. अट एकच. कवितेखाली मूळ कवीचे नाव असले पाहिजे.